बेचव

"मीठ बरोबर आहे, आंबटपणा आहे, मिरीचा झटकाही आहे. पण चव म्हणाल तर नाही. एकूण बेचव."

एका शुक्रवारी रात्री पावणेअकराला मी हे लिहिलं, पाचपैकी दोन तारे दिले आणि फोन उशाशी ठेवून झोपले. ज्या हॉटेलविषयी लिहिलं ते उघडून दोन आठवडेही झाले नव्हते. तोवर तिथे कुणीच अभिप्राय दिला नव्हता. माझा पहिला.

नवीन हॉटेल उघडलं की तिथे जाऊन जेवायचं, ही माझी फार जुनी आवड. दारावरच्या पाटीचा रंग अजून ओला वाटतो. खुर्च्यांच्या पायांना गुंडाळलेला कागद कुठेतरी तसाच राहिलेला असतो. मेनूच्या पानांवर एकही डाग नसतो. वाढणाऱ्या मुलाला टेबलांचे क्रमांक पाठ झालेले नसतात, म्हणून तो ताट हातात घेऊन क्षणभर मधेच उभा राहतो. आणि कुठल्यातरी कोपऱ्यातून, बहुधा स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून, एक माणूस आपल्याकडे बघत असतो. आपण पहिला घास घेतो तेव्हा तो हातातलं काम थांबवतो. त्या नजरेसाठी मी नव्या जागी जाते, असं म्हटलं तरी चालेल. जुन्या, नाव झालेल्या ठिकाणी आपण कसंही जेवलो तरी कुणाला फरक पडत नाही. नव्या ठिकाणी आपला घास कुणासाठी तरी निकालाचा दिवस असतो.

या जेवणांची मी वही ठेवते. तारीख, काय मागवलं, बरोबर कोण होतं, ताट यायला किती वेळ लागला, काय उरलं. उरलेल्याची नोंद मला सगळ्यांत खरी वाटते, कारण तोंडाने आपण "छान होतं" म्हणतो, पण ताट खोटं बोलत नाही. वहीतलं फोनवर जायला लागलं ते अलीकडे. लोक वाचायचे, "तुम्ही लिहिलंत म्हणून गेलो" असं सांगायचे, आणि हळूहळू माझ्या जिभेवर माझा स्वतःचाच फार विश्वास बसला.

त्या शुक्रवारी बरोबर माझी धाकटी बहीण होती. आम्ही भाजलेल्या टोमॅटोचं सूप मागवलं. पाटीवर त्याचंच नाव सगळ्यांत मोठं होतं. वाडगा समोर आला, वाफ निघत होती, वर कुठल्याशा हिरव्या पानाचे तुकडे टाकलेले. बहिणीने वाडगा नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"ताई, निखाऱ्याचा वास किती मस्त येतोय!"

मी चमचा तोंडात घातला. खारट लागलं, आंबट लागलं, घशात मिरी उतरली. बाकी काही नाही, जणू गरम पाण्यात मीठ आणि आंबट कालवलंय. मी दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. तोंडात सूप होतं, आणि तरी तोंड रिकामं होतं.

"यात चवच नाहीये गं."

"मला तर खूपच आवडलं."

"तुला भूक लागलीये. भुकेला कोंडा, निजेला धोंडा."

ती गप्प बसली. मी मोठी, शिवाय या विषयातली घरची जाणकार मानलेली. घरी येऊन मी लिहिलं आणि झोपले. दोन दिवस नाक थोडं चोंदलंय, डोकं जरा जड आहे, हे मला माहीत होतं. त्याचा आणि सुपाचा काही संबंध असेल, हे मनातसुद्धा आलं नाही.

सोमवारी सकाळी ओट्यावर दूध करपलं. मी तिथेच, हातभर अंतरावर उभी राहून फोनवर बोलत होते. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं, "अगं, काय जळतंय?" मी वळून बघितलं तर पातेल्याच्या तळाशी काळं झालेलं आणि स्वयंपाकघरभर धूर. मला काहीही कळलं नव्हतं. मग मी घरभर हिंडत वस्तू नाकाला लावत सुटले. साबण, अत्तराची बाटली, कॉफीचा डबा, ओल्या मातीची कुंडी. सगळीकडे तीच कोरी शांतता. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, विषाणूमुळे झालेल्या सर्दीत असं होतं. वास गेलाय, येईल, किती दिवसांत ते सांगता येत नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला माझंच वाक्य आठवलं. मीठ बरोबर. आंबटपणा आहे. मिरीचा झटका आहे. चव नाही.

ते वाक्य मी त्यानंतर इतक्या वेळा वाचलंय की आता ते मला एखाद्या तपासणीच्या अहवालासारखं दिसतं. जिभेला मूळ चवी मोजक्याच कळतात: गोड, खारट, आंबट, कडू, आणि १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी ज्याला उमामी असं नाव दिलं तो पाचवा, मांसल-रसरशीत स्वाद. मिरीचा झटका तर चवच नव्हे. तिखटपणा ही उष्णतेची आणि वेदनेची संवेदना आहे. मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक मज्जातंतूंवरच्या ज्या संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला जाऊन भिडतो, तेच प्रथिन खऱ्याखुऱ्या भाजण्यानेही जागं होतं. हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली दाखवलं आणि २०२१ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्या जुन्या सहा रसांत कटु, म्हणजे आजच्या बोलीतलं तिखट, आणि कषाय, म्हणजे तुरट, हे दोन्ही आहेत. आजचं शास्त्र या दोघांना चवीपेक्षा स्पर्शाच्या बाजूला बसवतं. मला स्वतःला जुनी यादी जास्त आवडते. ती जिभेचं शरीरशास्त्र सांगत नाही, तोंडात काय काय घडतं ते सांगते.

तर जीभ सांगू शकते तेवढं सगळं मी लिहिलं होतं. जे "नाही" म्हणून लिहिलं ते सगळं नाकाचं होतं. निखाऱ्याचा धूर, टोमॅटोच्या करपलेल्या सालीचा गोडसर वास, वर टाकलेलं पान, अगदी मिरीचा स्वतःचा सुगंधसुद्धा. घास चावताना त्यातले वास घशाच्या मागून वर नाकात चढतात. ही मागच्या दाराने येणारी घ्राणेंद्रियाची वाट आपल्याला वेगळी जाणवत नाही, म्हणून आपण तिलाही चवच म्हणतो. नाक चिमटीत धरून सोललेलं सफरचंद आणि कच्चा बटाटा एकेक फोड खाऊन बघा, डोळे मिटून. मग चिमटी सोडा. चिमटी सोडल्यावर जे एकदम भरून येतं, ते मी त्या सुपात शोधत होते.

नावडतीचं मीठ अळणी, असं आपण म्हणतो, तेव्हा दोष खाणाऱ्याच्या मनाचा असतो हे ऐकणाऱ्याला कळतं. माझ्या मनात त्या हॉटेलविषयी काही वाईट नव्हतं. मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. जे जाणवलं तेच, शब्दही न फुगवता. आणि तरीही ते खोटं होतं. ही गोष्ट मला अजून पुरती पचलेली नाही. आजवर माझी समजूत होती की आपण खरं बोललो की आपली जबाबदारी संपली.

अभिप्राय काढून टाकायला मी फोन उघडला. खाली आणखी पाच अभिप्राय आले होते. एकाने लिहिलं होतं, "वरच्या मताशी सहमत, काहीतरी कमी आहे." दुसऱ्याने जेवणाविषयी काहीच न लिहिता दोन तारे दिले होते. तिसरा म्हणत होता, सूप खारट. चौथाही तेच, "नुसतं मीठ आणि मिरी". पाचव्याने चार तारे दिले होते, पण भाताला.

पहिल्या मताचं वजन किती असतं यावर नंतर मी बरंच वाचलं. लेव मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांचा एक प्रयोग २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. बातम्यांवर चर्चा करणाऱ्या एका संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांपैकी काहींना त्यांनी, कुठल्या ते न बघता, आल्या आल्या एक अनुकूल मत देऊन टाकलं. त्या एका मतामुळे शेवटचा गुणांक सरासरी २५ टक्क्यांनी वर गेला. उलट मुद्दाम दिलेलं पहिलं प्रतिकूल मत पुढच्या वाचकांनी भरून काढलं. हे दुसरं वाचून मला क्षणभर हायसं वाटलं, पण फार वेळ नाही. तिथे प्रतिक्रिया एक लाखावर होत्या आणि मतं देणारे असंख्य. इथे माझ्या खाली पाचजण होते.

मायकेल लुका यांनी सिएटल शहरातल्या रेस्टॉरंटांचा हिशेब मांडला तो २०११ साली. एका अभिप्राय-संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. हा परिणाम स्वतंत्र, एकट्यादुकट्या रेस्टॉरंटांवरच होता. साखळीतल्या मोठ्या नावांना ताऱ्यांनी फारसा फरक पडत नव्हता. ते साहजिकच आहे. ज्याचं नाव आधीच ठाऊक आहे त्याच्याविषयी कुणी दुसऱ्याला विचारत नाही. विचारतात ते नवख्याविषयी, आणि नवख्याचाच जीव सगळ्यांत नाजूक असतो. नव्वद टक्के रेस्टॉरंटं पहिल्याच वर्षी बुडतात असं सर्रास बोललं जातं, ते खरं नाही. एच. जी. पारसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कोलंबस शहराच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पहिल्या वर्षात बंद पडलेली किंवा मालक बदललेली साधारण २६ टक्के निघाली. म्हणजे चारातलं एक. मला हा आकडा नव्वदपेक्षा जास्त टोचतो. नव्वदात एका अभिप्रायाने काय होणार, असं म्हणून सुटता येतं. चारातल्या एकात तसं सुटता येत नाही.

अभिप्राय पुसून मी गप्प बसू शकले असते. दोन दिवस बसलेही. मग दुपारी, गर्दी नसताना, तिथे गेले.

गल्ल्यावर एक गृहस्थ होते. मी नाव सांगितलं, काय लिहिलं होतं ते सांगितलं. ते आत गेले आणि पदराला हात पुसत एक बाई बाहेर आल्या. साधारण माझ्याच वयाच्या. त्यांना सगळं सांगितलं, दूध करपण्यापासून. त्या ऐकत होत्या. मधे त्यांनी एकदाच विचारलं, "म्हणजे आत्ताही तुम्हाला वास येत नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "मी तुमचं वाचलं त्याच रात्री दोन किलो टोमॅटो पुन्हा भाजले. पुन्हा करून बघितलं. मला चव लागत होती. यांना लागत होती. पण म्हटलं, आपल्या हाताची आपल्याला सवय झाली असेल. दुसऱ्या दिवसापासून मीठ वाढवलं. मिरी वाढवली. भाजायला फार वेळ जातो, आणि भाजलेलं कुणाला कळतच नाहीये असं वाटलं, म्हणून भाजणं कमी केलं."

मी काय बोलणार? खाली ज्यांनी "नुसतं मीठ आणि मिरी" लिहिलं होतं, ते खरंच तसं सूप प्यायले होते. ती कृती माझी होती. माझ्या चोंदलेल्या नाकाने सांगितल्याप्रमाणे त्या बाईंनी पाच दिवस सगळ्या गावाला सूप पाजलं होतं.

"पुन्हा भाजा," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटलं. जाताना त्या म्हणाल्या, "बरं वाटलं की या. तेव्हा सांगा कसं होतं ते."

बरं वाटायला वेळ लागला. वास परत यावा म्हणून एक साधा सराव असतो. जर्मनीत थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी तो २००९ साली मांडला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, एकेक करून लक्ष देऊन घ्यायचे. बारा आठवडे. चार बाटल्या खिडकीत ठेवून मी रोज ते करत होते. लक्ष देऊन हुंगायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. काही येत नसतं, तरी मनात लवंग उभी करायची, तिचा उग्रपणा आठवायचा. पहिले चार आठवडे काहीच नाही. मग एकदा लिंबाच्या जागी काहीतरी तीक्ष्ण, नाव नसलेलं आलं. कॉफी परत आली ती आधी जळकट, रबरासारखी आली. त्या दिवशी मी रडले. आनंदाने की भीतीने, ते मलाही सांगता आलं नसतं.

त्या बारा आठवड्यांत बाहेर जेवणं बंद होतं, म्हणून बाहेर जेवण्याविषयी वाचत बसले. 'रेस्टॉरंट' हा शब्द मुळात जागेचा नव्हताच, एका पदार्थाचा होता. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये अशक्त, आजारी माणसाला बळ यावं म्हणून मांस बराच वेळ आटवून केलेल्या कढणाला ते नाव होतं. फ्रेंचमधल्या 'पूर्ववत करणे' या क्रियापदावरून आलेलं. १७६० च्या दशकात हे कढण विकणारी दुकानं निघाली आणि कढणाचं नाव दुकानाला चिकटलं. स्वतंत्र टेबल, हवं तेव्हा येऊन खाता येणं, यादीतून निवडून मागवणं, हे सगळं नाजूक तब्येतीच्या गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी सुरू झालं. मी ते वाचत राहिले. म्हणजे आजारी नाकाने सूप प्यायला जाणारी मी त्या जागेची मूळ गिऱ्हाईक होते. मी तिथे जाऊन निकाल द्यायला नको होता, एवढंच.

निकाल देणारेही फार मागून आले नाहीत. ग्रिमो द ला रेनिएर यांनी १८०३ साली पॅरिसमध्ये खवय्यांसाठी एक वार्षिक काढायला सुरुवात केली आणि १८१२ पर्यंत त्याचे आठ भाग निघाले. दुकानदार आपले पदार्थ त्यांच्याकडे पाठवायचे, जाणकारांचं एक मंडळ बसून ते चाखायचं आणि छापून निवाडा यायचा. फुकट आलेल्या पदार्थाचा निवाडा करायचा आणि लोकांनी तो निःपक्षपाती मानायचा, ही अडचण त्या पहिल्याच माणसापाशी उभी राहिली. खाल्ल्या मिठाला जागावं, ही शिकवण आपल्याकडे इतकी खोल आहे की यजमानाच्या मिठावर टीका करणं जवळजवळ कृतघ्नपणा वाटतो. म्हणून बिल आपलं आपण द्यायचं. त्या बाबतीत मी कधी तडजोड केली नाही आणि करणारही नाही.

मिशेलिनची पुस्तिका १९०० साली निघाली ती मोटारवाल्यांसाठी, टायर विकणाऱ्या कंपनीची. तारे त्यात १९२६ साली आले. पण मला जास्त जवळचे वाटले ते क्रेग क्लेबॉर्न. ते १९५७ साली 'न्यू यॉर्क टाइम्स'चे खाद्यसंपादक झाले. ओळख न देता जायचं, बिल वर्तमानपत्राने भरायचं आणि एकाच जेवणावर मत द्यायचं नाही, पुन्हा पुन्हा जायचं, ही शिस्त त्यांनी रुजवली. तिथेच पुढे रुथ रायकल टोप घालून, वेश पालटून जायच्या. १९९३ साली त्यांनी एका नामांकित रेस्टॉरंटविषयी दोन वर्णनं शेजारी शेजारी छापली. अनोळखी बाई म्हणून मिळालेली वागणूक एकीकडे, आणि समीक्षक म्हणून ओळखल्यावर मिळालेली दुसरीकडे. ओळख लपवण्याला माझ्या मते जेवढं महत्त्व देतात तेवढं नाही. आमच्यासारख्यांना मुळात कोण ओळखतं? पुन्हा जाण्याला मात्र पर्याय नाही. माझ्याकडून चुकलं ते तिथेच.

शितावरून भाताची परीक्षा, हे खरं आहे, पण ती एकाच पातेल्यातल्या, एकाच आचेवर शिजलेल्या भाताची. हॉटेल म्हणजे एक पातेलं नव्हे. सोमवारी दुपारी वेगळं असतं आणि शनिवारी रात्री वेगळं. खाणाराही एक पातेलं नसतो. मोठा गोंगाट चालू असेल तर खारट-गोड कमी जाणवतं, असं २०११ साली अँडी वूड्स आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसलं होतं. म्हणजे भरगच्च, कलकलाटाच्या रात्री "मीठ कमी" म्हणणारा आणि निवांत दुपारी "बरोबर" म्हणणारा, दोघेही खरे असू शकतात. उपाशी गेलो की वेगळं, भांडून गेलो की वेगळं. बहीण बरोबर असली की वेगळं, हे मी स्वतःच्या वहीवरून सांगते.

आता मी लिहिते ते सावकाश. तारे देत नाही. तारे दिल्यावर शब्द कुणी वाचत नाही, आणि माझं जे काही आहे ते शब्दांतच आहे. 'बेचव' हा शब्द मी वापरणं सोडलंय. तो पदार्थाविषयी काहीच सांगत नाही. आपल्या भाषेत तोंडातल्या गोष्टींसाठी केवढे शब्द आहेत! मिळमिळीत आणि पाणचट यांत फरक आहे. मिळमिळीतात तिखट-मीठ कमी असतं, पाणचटात पाणी जास्त. खमंग आणि करपट यांच्यामध्ये आचेवरची काही क्षणांची वाट असते. कच्चट, आंबूस, तुरट, खवट, वातड, चामट, गिचका, मोकळा, मऊसूत, कुरकुरीत, खुसखुशीत. कुरकुरीत आणि खुसखुशीत या दोघांना एकच समजणाऱ्याने कुठल्याही तळलेल्या पदार्थाविषयी लिहू नये, असं मला मनापासून वाटतं. एक दाताखाली आवाज करतो, दुसरा दात लागताच विरघळत जातो. "कडेला करपट, मधे कच्चट" एवढे चार शब्द वाचून आतल्या माणसाला आच कमी करायची आणि वेळ वाढवायचा, हे कळतं. "बेचव" वाचून त्याला फक्त झोप लागत नाही.

आणि मत द्यायच्या आधी मी बरोबरच्याला विचारते. "तुला काय लागतंय?" माझं सांगायच्या आधी विचारते, नाहीतर तो माझंच परत ऐकवतो. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहिते. वाईट अनुभव आला तर आधी तिथल्या तिथे सांगते, ताट उचलायच्या आत. पूर्वी मला हे जमायचं नाही. समोर "छान आहे" आणि घरी जाऊन दोन तारे, असं चालायचं. बिलाच्या वेळी हसून मान हलवायची आणि रात्री अंधारात लिहायचं, यात जो भित्रेपणा आहे तो मला तेव्हा दिसला नव्हता. खारट आहे हे तोंडावर सांगितलं तर कुणी आपल्याला खात नाही. उलट बऱ्याचदा ताट बदलून येतं आणि आत काय चुकलं तेही कळतं.

खोटं गोड मात्र मी लिहीत नाही. नव्या माणसाने हिमतीने काही सुरू केलंय म्हणून सांभाळून घ्या, असं मला पुष्कळांनी या प्रसंगानंतर सुचवलं. ते मला पटत नाही. जो माझं वाचून तिथे जातो त्याचेही पैसे त्याच्या कष्टाचे असतात, कदाचित महिन्यातून एकदाच तो घरच्यांना घेऊन बाहेर पडतो. वाईट भाजी वाईटच लिहायची. फक्त ती भाजी दोनदा खाल्लेली असावी, दोन वेगळ्या दिवशी, आणि नाक जागेवर असावं.

बारा आठवडे संपल्यावर बहिणीला घेऊन मी तिथे गेले. हॉटेल चालू होतं. पाटीचा रंग वाळला होता, मेनूवर पहिले डाग पडले होते. वाढणारा मुलगा टेबलांमधून न थांबता फिरत होता. बाईंनी स्वतः दोन वाडगे आणून ठेवले आणि तिथेच उभ्या राहिल्या.

मी आधी बहिणीकडे बघितलं.

"तू काय बघतेस माझ्याकडे? तू पी," ती म्हणाली.

प्यायले. मीठ, आंबट, मिरी. आणि मग, घोट घशाखाली गेल्यावर, मागून धूर आला. कोळशावर काळी पडलेली साल, तिच्याखालचा तो गोडवा. पूर्वीइतका भरलेला नाही, जणू शेजारच्या घरात कुणीतरी भाजतंय, पण आला. मी दुसरा चमचा घेतला, तो पुन्हा आला.

"कसं झालंय?" बाईंनी विचारलं.

"मीठ बरोबर. भाजल्याचा वास येतोय. पानाचा येत नाहीये, पण ते माझ्याकडून आहे, तुमच्याकडून नाही."

त्या आत गेल्या आणि एक पान घेऊन आल्या. तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्यांनी ते चुरलं, आणि तो तळवा माझ्या नाकाखाली धरला. मी डोळे मिटले. काही आलं नाही. त्यांनी हात काढला नाही. बहीण बोलायची थांबली. बऱ्याच वेळाने, फार लांबून, काहीतरी हिरवं आलं.